परवाना काढून केलेला प्रतिकार : जर्मन ताब्यातली नाटकं

विंगेतून

मंडळी, फ्रेंच नाटककार ज्याँ आनुईचं 'अँतिगोन' (राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाचा देह पुरू पाहणाऱ्या ग्रीक मुलीची गोष्ट) हे जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचं नाटक, हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता चीड यायला लागलीये, म्हणून हा धागा.

आधी माहिती. फेब्रुवारी १९४४, पॅरिस, आतलिए थिएटर, दिग्दर्शक आंद्रे बार्साक. शहर जर्मनांच्या ताब्यात येऊन साडेतीन वर्षं उलटून गेलेली. संहिता जर्मन सेन्सॉरकडून रीतसर पास झालेली. प्रेक्षकांत फ्रेंच आहेत तसे जर्मन अधिकारीही. पात्रं आजच्या कपड्यांत, क्रेऑन आणि मंडळी संध्याकाळच्या सुटात, आणि पहारेकरी काळ्या कातडी कोटात, म्हणजे पॅरिसच्या माणसाला काय आठवायचं ते आठवतंच. नाटकाची ठिणगी कुठून पडली तर ऑगस्ट १९४१ मध्ये पॉल कोलेत नावाच्या तरुणाने व्हर्सायला जर्मनांशी सहकार्य करणारे फ्रेंच पुढारी लाव्हाल आणि मार्सेल देआ यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यातून, असं सांगतात. एकट्याने, मागे कसली संघटना नाही, त्यातून काही साधेल अशी आशा फारशी नाही, तरी केलं.

इथपर्यंत ठीक. आता नाटक उघडून तो मधला प्रवेश वाचा, क्रेऑन आणि अँतिगोनचा. क्रेऑन राक्षस नाहीये. तो थकलेला प्रशासक आहे, बाही वर करून घाण उपसणारा, कोणीतरी राज्य चालवायला हवं ना म्हणून 'हो' म्हटलेला. तो तिला सांगतो की तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते, आणि रणांगणावर त्यांच्या देहांचा इतका चेंदा झाला होता की ज्याला मी मानाने पुरला तो नक्की कुठला हेसुद्धा मला माहीत नाही. आणि ती ऐकते! उठून खोलीत जायला निघते. तिचं बंड तिथेच संपतंय. मग हा बाबा एक वाक्य जास्त बोलतो, लग्न कर, सुखी हो म्हणतो, आणि त्या 'सुखी' पाशी ती परत पेटते.

म्हणजे शेवटी ती मरते कशासाठी? भावासाठी नाही, देवासाठी नाही, थीब्ससाठी तर नाहीच. वाद क्रेऑनने जिंकलेला आहे. जर्मनांशी जमवून घेणाऱ्या विशी सरकारच्या पेतां आणि लाव्हालचं म्हणणं तरी वेगळं काय होतं, की आम्ही घाणीत हात घातले म्हणून देश चालला. सेन्सॉरने हे पास केलं तर तो मूर्ख होता असं मला वाटत नाही. प्रतिकारकांच्या भूमिगत 'ले लेत्र फ्रांसेज' या पत्रात या नाटकावर टीका आली आणि जर्मनधार्जिण्या पत्रांत कौतुक झालं, हा काय निव्वळ योगायोग?

दोन्ही बाजूंनी टाळ्या घेणाऱ्या नाटकाला प्रतिकार म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे. होऊन जाऊ द्या.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सेन्सॉरला नाटक कळतं हे गृहीतक मात्र फारच धाडसी :) हलके घ्या.

प्रॉम्प्टर

असहमत, आणि सविस्तर असहमत.

नाटक टेबलावर वाचून ठरत नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये गरम करायला कोळसा नाही, शेवटची मेट्रो चुकली तर संचारबंदीत अडकायचं, अशा थंडीत माणूस खुर्चीत बसून बघतोय की एक किडकिडीत मुलगी सत्तेसमोर उभी राहून नाही म्हणते. युक्तिवाद कोणी जिंकला हे तो घरी गेल्यावर मोजत बसत नाही. त्याला ते नाही ऐकू जातं. क्रेऑनची बाजू भक्कम आहे म्हणूनच त्या नाहीला वजन आहे, नाहीतर ते शाळेच्या गॅदरिंगचं देशभक्तीपर नाटक झालं असतं आणि सेन्सॉरने पहिल्याच पानावर फुली मारली असती.

शिवाय सार्त्रला विसरलात. 'माश्या', जून १९४३, दिग्दर्शक शार्ल दुलां. कुठे झालं तेही बघा, सारा बर्नार्ट थिएटरमध्ये, पण जिच्या नावाचं ते थिएटर ती नटी बर्नार्ट ज्यू होती म्हणून नाव पुसून त्याला 'थेआत्र द ला सिते' केलेलं. आर्गोस शहरात सगळे काळे कपडे घालून पंधरा वर्षांपूर्वीच्या खुनाचा पश्चात्ताप करत बसलेत, राजा एजिस्थस स्वतः खुनी पण त्याने लोकांनाच अपराधी वाटायला लावलंय, अख्ख्या गावावर माश्या घोंघावतायत. विशी सरकार तेव्हा रेडिओवरून हेच तर सांगत होतं की आपण मौजमजा केली म्हणून हरलो, आता प्रायश्चित्त घ्या. ओरेस्तेस येतो, राजाला मारतो, स्वतःच्या आईला मारतो आणि पश्चात्ताप करायला साफ नकार देतो. सेन्सॉरला ग्रीक पुराण दिसलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, लेखक मिशेल लेरिसने त्या भूमिगत 'ले लेत्र फ्रांसेज'मध्येच निनावी लेख लिहून ते छापून सांगितलं.

विंगेतून

@प्रॉम्प्टर, पण 'माश्या' फार चाललं नाही हेही लिहा की. परीक्षणं वाईट आली, बहुतेकांनी त्यात राजकारण पाहिलंच नाही, मांडणीच्या विचित्रपणावर लिहिलं. निनावी लेख लिहून सांगावं लागतं की बाबांनो हा प्रतिकार आहे, याचा अर्थ काय घ्यायचा.

सार्त्र नंतर एका मुलाखतीत म्हणाला होता की त्याला खरं नाटक वेगळंच लिहायचं होतं, जर्मनाला मारणाऱ्या आणि त्यापायी ५० ओलीस गोळी घालून मारले जाणाऱ्या माणसाचं. ते तेव्हा लिहिणं शक्यच नव्हतं हे मान्य. ऑक्टोबर १९४१ मध्ये नांतला एक जर्मन अधिकारी मारला गेला त्याबद्दल दोनच दिवसांनी ४८ ओलिसांना गोळ्या घातल्या, त्यातला गी मोके १७ वर्षांचा. हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात होता, की आपण केलेल्या कृतीची किंमत दुसराच कोणीतरी देणार असेल तर काय. 'माश्या'मध्ये तो आहे पण इतक्या कपड्यांत गुंडाळून की ओळखू येत नाही.

मीनलप

छान धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका, जर्मनांनी पॅरिसमधली थिएटरं बंदच का नाही केली? बाकी सगळं बंद करत होते की.

जुना_गडी

@मीनलप, शंका बाळबोध नाही, खरी गोम तिथेच आहे.

त्यांना पॅरिस चालू हवं होतं. थिएटरं भरलेली, कॅबरे चालू, रेस्तराँत गर्दी, म्हणजे सगळं कसं आलबेल आहे हे जगाला दिसतं आणि सुट्टीवर आलेल्या सैनिकांची करमणूक होते. ज्यू नट, लेखक, मालक बाहेर काढले, संहिता तपासणीला लावल्या आणि उरलेल्यांना म्हटलं चला, पडदा उघडा. त्या चार वर्षांत पॅरिसच्या थिएटरांचा गल्ला चांगला होता. क्लोदेलचं 'सॅटिनचा जोडा' नोव्हेंबर १९४३ मध्ये कोमेदी फ्रांसेज या थिएटरला दिग्दर्शक बारोने केलं, पाचेक तासांचं नाटक, तिकिटांसाठी झुंबड. अशा वेळी नाटक करणं ही प्रतिकाराची कृती आहे का, तर ते मालकाला हवं तेच करणं आहे, संहितेत काही का असेना.

अवांतर: 'ज स्वी पार्तू' या जर्मनधार्जिण्या पत्राचा समीक्षक आलँ लोब्रो याला ज्याँ मारे या नटाने १९४१ मध्ये धरून बदडला होता. नाटककार कोक्तोच्या नाटकावरून. मला विचाराल तर पॅरिसच्या रंगभूमीवरचा सगळ्यात निःसंदिग्ध प्रतिकार तोच.

टवाळ

जुना_गडींना +१. नाट्यसमीक्षकाला बदडणं हा प्रतिकार असेल तर आमच्यातले बरेच जण स्वातंत्र्यसैनिक व्हायला तयार आहेत.

उत्तरवारा

नॉर्वेचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो, आणि जरा लांबेल.

तिथे उलटं घडलं. १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या रेडिओवर कार्यक्रम करा असं नटांना सांगण्यात आलं, नटांनी नकार दिला, मग काही जणांचे काम करायचे परवाने काढून घेतले. यावर मे १९४१ मध्ये ओस्लो, बर्गन, ट्रोंडहाइम इथल्या नटांनी संप केला. युद्धकाळात, ताब्यातल्या देशात, नाटकवाल्यांचा संप! टेरबोफेनने, म्हणजे हिटलरने नेमलेल्या तिथल्या सर्वेसर्वाने, अटका केल्या, मृत्युदंडाच्या धमक्या दिल्या. साधारण पाच आठवडे ताणून मग संप मिटला. नंतर नाझींनी आपली माणसं थिएटरांच्या डोक्यावर बसवली तेव्हा प्रेक्षकच जायचे बंद झाले. म्हणजे कोणी भाषण केलं नाही, पत्रक वाटलं नाही, फक्त खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या खुर्चीला सेन्सॉर काय करणार?

ट्रोंडहाइमला ट्रोंडेलाग थिएटर होतं, १९३७ पासून हेन्री ग्लेडिच ते चालवत होता. नट, दिग्दर्शक आणि जिभेने तिखट माणूस, स्टेजवरून नाझींची टर उडवायची संधी सोडायचा नाही. ऑक्टोबर १९४२ च्या पहिल्या आठवड्यात टेरबोफेन स्वतः तिथे येऊन आणीबाणी लावतो आणि प्रायश्चित्ताचे बळी म्हणून शहरातली दहा प्रतिष्ठित माणसं उचलतो. खटला नाही, आरोप नाही. ग्लेडिचला थिएटरमधून नेलं, इब्सेनच्या 'वाइल्ड डक'ची तालीम चालू होती. फाल्स्टाडच्या जंगलात दहाही जणांना गोळ्या घातल्या. व्यापारी, वकील, बँकेचा माणूस यांच्या रांगेत एक थिएटरचा मॅनेजर, म्हणजे टेरबोफेनच्या लेखी तो किती धोकादायक होता बघा. आनुईला कोणी हात लावला नाही यावरून काय ते समजा.

नाटकवेडी

@उत्तरवारा, काटा आला. आणि त्याच ऑक्टोबर १९४२ मध्ये अथेन्सला ग्रीक दिग्दर्शक कारोलोस कून आपलं 'थेआत्रो तेखनिस' सुरू करत होता, पहिलं नाटक कुठलं तर हेच, इब्सेनचं 'वाइल्ड डक'! आदल्याच हिवाळ्यात अथेन्समध्ये दुष्काळाने हजारो माणसं रस्त्यावर मेली होती. शागिर्द पोरं उपाशीपोटी तालीम करायची.

आता सांगा, कून प्रतिकार करत होता का? त्या नाटकात राजकारणाचा र नाही.

प्रॉम्प्टर

@नाटकवेडी हाच माझा मुद्दा. आणि @उत्तरवारा, आनुई मेला नाही म्हणून तो कमी, ही मोजपट्टी मला मंजूर नाही. मग फक्त हुतात्म्यांचीच नाटकं चांगली म्हणायची का?

उत्तरवारा

चांगली म्हणालोच नाही. नाटक म्हणून 'अँतिगोन' उत्तमच आहे. धाग्याचा प्रश्न प्रतिकार म्हणायचं का हा आहे.

कावळा

पोलंडचं बघितल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, बहिष्कार पण आणि प्रयोग पण.

जर्मनांनी पोलिश थिएटरं बंद केली, विद्यापीठं बंद केली, गंभीर पोलिश नाटकाला बंदी. परवानगी कशाला, तर हलक्याफुलक्या आणि चावट रेव्ह्यूंना. पोलिश लोकांनी मजूर व्हावं आणि संध्याकाळी फिदीफिदी हसावं, बाकी डोकं वापरू नये, हे धोरणच होतं. त्यामुळे भूमिगत नट संघटनेने आपल्या लोकांना सांगितलं की परवान्याच्या थिएटरात पाऊल टाकायचं नाही. मग मोठमोठे नट पोट कसं भरणार, तर वॉर्सात कॅफे निघाले, एकाचं नावच 'उ अक्तोरेक', नट्यांकडे. काल ज्या बाईला स्टेजवर राणी म्हणून बघितलं ती आज कॉफीचा ट्रे घेऊन येतेय. सिनेमाघरांच्या भिंतींवर पोरं रात्री रंगवून जायची, 'सिनेमात फक्त डुकरं बसतात'.

दुसऱ्या बाजूला इगो सिम. युद्धाआधीचा देखणा चित्रपट नट, जर्मनांना सामील झाला, वॉर्सातलं जर्मन थिएटर चालवायला घेतलं, 'हाइमकेअर' नावाच्या पोलंडविरोधी प्रचारपटासाठी पोलिश नट गोळा करून दिले. ७ मार्च १९४१ ला भूमिगत संघटनेच्या माणसांनी त्याच्या घराच्या दारातच त्याला गोळी घातली. जर्मनांनी चारच दिवसांत पाल्मिरीच्या जंगलात २१ ओलीस मारले आणि रंगभूमीवरच्या लोकांची धरपकड केली. स्तेफान याराच आणि लेऑन शिलेर, म्हणजे पोलिश रंगभूमीचे सर्वात मोठे नट आणि दिग्दर्शक, आउश्वित्झला. (दोघं नंतर सुटले.) सार्त्रला जे नाटक लिहायचं होतं ना, ते वॉर्सात प्रत्यक्ष घडत होतं आणि पात्रं सगळी नटच होती.

आता प्रयोग. क्राकोव्हमध्ये कोत्लार्चिकने १९४१ मध्ये शब्दांचं थिएटर काढलं, रापसोदिक. सेट नाही, वेशभूषा जवळपास नाही, कोणाच्या तरी दिवाणखान्यात वीसपंचवीस माणसं आणि चार-पाच जण मिळून स्वोवात्स्की, मित्स्क्येविच या पोलिश कवींच्या कविता म्हणतायत. त्यातला एक दगडाच्या खाणीत काम करणारा पोरगा कारोल वोय्तिवा, पुढे पोप जॉन पॉल दुसरा. त्याची एक गोष्ट सांगतात की मित्स्क्येविचचं काव्य 'पान तादेउश' चालू असताना बाहेर रस्त्यावरच्या कर्ण्यावरून जर्मन विजयाची घोषणा सुरू झाली, तर हा थांबला नाही, आवाजही चढवला नाही, होता त्याच पट्टीत म्हणत राहिला. पकडले गेले असते तर सगळे छावणीत, प्रेक्षकांसकट.

आणि दिग्दर्शक तादेउश कांतोर. १९४४, क्राकोव्हमधल्या एका घरातली खोली, पोलिश नाटककार विस्प्यान्स्कीचं 'ओडिसियसचं पुनरागमन'. खोलीत चिखलाने माखलेलं गाडीचं चाक, सडकी फळी, तोफेची नळी असलं सामान. ओडिसियस येतो तो इथाकाचा राजा म्हणून नाही, स्टालिनग्राडहून हरून परतलेल्या जर्मन सैनिकाच्या मळक्या गणवेशात. प्रेक्षक त्याच खोलीत, त्याच चिखलात. क्षणभर कोणालाही वाटेल की दारावर खरंच कोणीतरी आलंय.

विंगेतून

@कावळा, जबरदस्त प्रतिसाद. यावरून मला माझंच म्हणणं जरा नीट मांडता येतंय.

नाटक करणं हा प्रतिकार की न करणं, याचं उत्तर संहितेत नाहीच. ताबा घेणाऱ्याला तुमच्याकडून काय हवंय त्यावर ते ठरतं. पॅरिस आणि ओस्लोत त्याला दिवे चालू हवे होते, म्हणून दिवे घालवणं हा प्रतिकार. क्राकोव्हमध्ये त्याला पोलिश कविता मरायला हवी होती, म्हणून पडदे ओढून ती म्हणणं हा प्रतिकार. तिथे साधं पाठांतरही गुन्हा होतं. या हिशोबाने 'अँतिगोन' क्राकोव्हच्या दिवाणखान्यात झालं असतं तर मी पहिला सलाम केला असता, पॅरिसमध्ये तिकीट लावून झालं म्हणून करत नाही. नाटक तेच.

मीनलप

म्हणजे आपल्या 'कीचकवधा'सारखं? तिथेपण पुराण घेतलं आणि लोकांनी कीचकात कर्झन बघितला.

जुना_गडी

साम्य आहे पण फरक असा की 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं, लोकांना कळलं आणि सरकारलाही कळलं, १९१० मध्ये बंदी आली. खाडिलकरांचा नेम इतका स्पष्ट होता की दोन्हीकडच्यांचं एकमत झालं. आनुईबद्दल ८० वर्षं झाली तरी होत नाहीये. असो, त्यावर वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत.

नाटकवेडी

नेम स्पष्ट असलेलं युरोपातलं उदाहरण हवं असेल तर डेन्मार्कचा काई मुंक. वेडरसो नावाच्या खेडेगावचा पाद्री आणि नाटककार. १९४२ मध्ये 'नील्स एबसन' लिहिलं. १३४० साली जर्मन काउंट गेर्हार्ड जटलंड दाबून बसला होता, त्याला रांडर्स गावात शिरून मारणारा हा डॅनिश सरदार. पुस्तक छापलं, लगेच बंदी, मग चोरून प्रती फिरल्या.

नाटकातला एबसन सुरुवातीला लढायला तयारच नाही हे मला फार आवडतं. त्याला शेती, घर, शांतता हवीये, जमवून घेऊ म्हणतो. डेन्मार्क सरकार तेव्हा नेमकं हेच करत होतं, ऑगस्ट १९४३ पर्यंत जर्मनांशी सहकार्याचं धोरण होतं. म्हणजे मुंक जर्मनांना शिव्या देत नाहीये, स्वतःच्या लोकांना टोचतोय. प्रवचनांतूनही थांबला नाही. ४ जानेवारी १९४४ च्या रात्री गेस्टापोच्या माणसांनी घरातून नेलं आणि सिल्केबोरजवळ गोळी घालून रस्त्याकडेला टाकलं.

टवाळ

याच मुंकला तिशीच्या दशकात मुसोलिनी आणि हिटलरसारखे खमके पुढारी फार आवडायचे हे लिहायचं राहिलं वाटतं?

नाटकवेडी

राहिलं नाही, येतच होते. हो, आवडायचे. लोकशाही म्हणजे नुसती बडबड असं त्याचं मत होतं. पण १९३८ मध्ये त्यानेच मुसोलिनीला जाहीर पत्र लिहून ज्यूंच्या छळाविरुद्ध बोलायला सांगितलं. माणूस बदलतो, आणि हा बदलाची किंमत देऊन बदलला. माझ्या मते त्याच्या नाटकात एबसनची टाळाटाळ इतकी खरी उतरते ती त्यामुळेच, बलवान माणसाचा मोह काय असतो ते त्याला आतून माहीत होतं.

टवाळ

ओके, हे पटलं. आज टवाळी रद्द.

उत्तरवारा

जाता जाता, ताब्याबाहेर बसून लिहिलेल्या नाटकाचं काय? अमेरिकन लेखक स्टाइनबेकचं 'द मून इज डाउन', १९४२, आधी कादंबरी आणि लगोलग ब्रॉडवेवर नाटक. देशाचं नाव नाही पण नॉर्वेच वाटतो. अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी झोडपलं, की तुझे जर्मन फारच माणसासारखे आहेत, त्यांना घरची आठवण येते, ते एकटे पडतात, हा काय प्रकार. आणि नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्समध्ये मात्र त्याची चोरटी भाषांतरं छापून लोक हातोहात वाचत होते! युद्धानंतर नॉर्वेच्या राजाने स्टाइनबेकला पदक दिलं.

कारण ज्यांच्या घराशेजारी जर्मन सैनिक राहत होता त्यांना माहीत होतं की तो राक्षस दिसत नाही. त्यातला लेफ्टनंट टॉन्डर प्रेमाच्या दोन शब्दांसाठी मॉलीकडे येतो, कविता म्हणतो, तिच्या नवऱ्याला यांनीच गोळी घातलेली. ती कात्री उचलते आणि दार उघडायला जाते. प्रेक्षकाला त्या पोराची दया आलेली असते आणि तरी कात्री बरोबरच वाटते. एवढं जमलं तर अजून काय हवं.

जुना_गडी

युद्ध संपल्यावरची नाटकं मात्र मला फिकी वाटतात, धोका गेल्यावर सगळे शूर. अपवाद सार्त्रचं १९४६ चं, थडग्याविना मेलेल्यांचं. पकडलेले प्रतिकारक माळ्यावर कोंडलेत, खाली जर्मनांच्या बाजूचे फ्रेंच मिलिशियावाले एकेकाला नेऊन छळतायत. फ्रेंचच फ्रेंचांना छळतायत हे १९४६ मध्ये कोणालाच बघायचं नव्हतं, छळाच्या प्रवेशाला लोक ओरडले, उठून गेले. त्यात एक १५ वर्षांचा पोरगा आहे, तो बोलून टाकेल अशी भीती म्हणून त्याचेच साथीदार त्याचा गळा दाबतात, त्याची सख्खी बहीण बघत असते आणि अडवत नाही. 'माश्या'मध्ये जे झाकलं होतं ते इथे उघडं केलंय.

कावळा

अॅमस्टरडॅमचं एक लिहून ठेवतो, नाटक नाही, नाट्यगृह. तिथे १९४२ पासून कलाकारांना नाझी 'कुल्टूरकामर' या कलाकार संघटनेचं सभासदत्व सक्तीचं झालं, ज्यांनी नाकारलं ते घरोघरी गुपचूप 'काळ्या संध्याकाळी' करायचे, काव्यवाचन, प्रवेश वगैरे. पण मला सांगायचंय ते हॉलंड्स स्खाउबुर्खबद्दल. चांगलं मोठं थिएटर, १९४२ च्या उन्हाळ्यापासून जर्मनांनी तिथे ज्यूंना छावण्यांत पाठवण्याआधी कोंडून ठेवायला सुरुवात केली. खुर्च्या बाजूला, माणसं दिवसचे दिवस त्या अंधाऱ्या हॉलमध्ये. लहान मुलं समोरच्या पाळणाघरात ठेवत. वॉल्टर झ्युस्किंट नावाचा जर्मन ज्यू तिथली व्यवस्था बघायचा, तो आणि पाळणाघरातल्या बाया मिळून मुलांची नावं कागदांतून उडवायचे. मग समोरच्या थांब्यावर ट्राम येऊन उभी राहिली की पलीकडच्या पहारेकऱ्याला दार दिसत नसे, तेवढ्यात पोर काखोटीला मारून बाहेर, ट्रामच्या आडोशाने चालत पुढे. अशी सुमारे ६०० मुलं वाचली. झ्युस्किंट स्वतः नाही वाचला.

मीनलप

अंगावर शहारा. लिहीत राहा रे सगळे.

नाटकवेडी

मग छावण्यांबद्दल मी लिहिते, तेरेझिनची छावणी सोडून, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलंय.

शार्लोत देल्बो. लुई जुव्हे या बड्या नट-दिग्दर्शकाची सेक्रेटरी. १९४१ मध्ये जुव्हेच्या कंपनीबरोबर दक्षिण अमेरिकेत सुखरूप होती. एका मित्राला पॅरिसमध्ये गिलोटिनखाली मारल्याचं कळलं, तशी जुव्हेने अडवलं तरी परत आली. मार्च १९४२ मध्ये ती आणि नवरा दोघं पकडले गेले, मे महिन्यात त्याला गोळ्या घातल्या, जानेवारी १९४३ मध्ये ती २३० बायकांच्या गाडीतून आउश्वित्झला. २३० पैकी ४९ परतल्या.

आउश्वित्झच्या रायस्को उपछावणीत परिस्थिती तुलनेने बरी होती, तिथे या बायकांनी मोलिएरचं 'ल मालाद इमाजिनेर' केलं. संहिता नाही, एकीने आठवून आठवून लिहून काढलं. कपडे स्वेटर आणि झग्यांतून शिवले. आणि निवडलं काय, तर आपण आजारी आहोत अशी कल्पना करून घेणाऱ्या धडधाकट माणसाचं प्रहसन! देल्बो लिहिते की ते दोन तास त्यांनी त्यावर विश्वास ठेवला, धुराडी बंद झालेली नसताना. पुढे रावेन्सब्रुक या बायकांच्या छावणीत तिने आपली भाकरी देऊन मोलिएरच्याच 'मिझांथ्रोप'ची प्रत मिळवली आणि पाठ करत राहिली.

त्याच रावेन्सब्रुकमध्ये जेर्मेन तियों, मानववंशशास्त्रज्ञ, पॅरिसच्या म्युझे द लोम या संग्रहालयातल्या प्रतिकार गटातली. १९४४ मध्ये कामाला जायचं टाळून एका खोक्यात लपून तिने ऑपेरेटा लिहिला, बाकीच्या तिला झाकायच्या. एक निसर्गशास्त्रज्ञ व्याख्यान देतोय, नवीन प्रजाती सापडली आहे म्हणून, आणि ती प्रजाती म्हणजे या कैदी बायका. त्या काय खातात, किती दिवस जगतात, सगळं शास्त्रीय थाटात, मधेमधे लोकप्रिय चालींवर गाणी. पहिला प्रयोग थेट २००७ मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरला, तियों तेव्हा हयात होती.

यांना ना परवाना होता ना प्रेक्षकांत कोणी अधिकारी. @विंगेतून, तुमच्या हिशोबात हे बसतं का?

विंगेतून

बसतं. ताबा घेणाऱ्याला त्या बायका नुसत्या आकड्यात मोजायच्या होत्या आणि त्या हसत होत्या.

प्रॉम्प्टर

शेवटचं माझं, मग झोपतो. तुमचा हिशोब इतिहासासाठी ठीक आहे पण नाटक करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उद्या 'अँतिगोन' बसवायचं झालं तर क्रेऑनला खलनायक करून, दंडावर स्वस्तिक लावून उभा करायचा मोह होतो आणि हमखास नाटक पडतं, कारण मग तिला कोणीच 'हो' म्हणायला लावत नाही. माझं म्हणणं आहे क्रेऑनला गावातला सगळ्यात भला नट द्या.

आणि कोठडीतला प्रवेश कापू नका, बरेच जण कापतात. तिला मरायला थोडा वेळ उरलाय, सोबत एकच पहारेकरी, आणि तो तिला सांगतोय काय, तर पगार, बढती, सार्जंट आणि पहारेकऱ्याच्या दर्जातला फरक. ती विचारते मरताना दुखतं का, तो थोडं बोलून परत नोकरीवर. पॅरिसच्या प्रेक्षकाने असे पहारेकरी रोज बघितले होते, आणि जर्मनच नव्हे. सेन्सॉरला क्रेऑनने खूश केलं असेल, पण या कातडी कोटवाल्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

विंगेतून

क्रेऑनला भला नट, मान्य. पहारेकऱ्यांचे कातडी कोट मात्र मी काढेन. ते १९४४ च्या पॅरिसला कळायचे, आज ते घातले की प्रेक्षक निवांत होतो, हे जुनं आहे, जर्मनांचं आहे म्हणून. साधी सिक्युरिटीची वर्दी द्यावी, गळ्यात ओळखपत्र.

प्रॉम्प्टर

आणि आनुईने शेवटी पहारेकऱ्यांच्या हातात दिलेले खेळायचे पत्ते?

विंगेतून

पत्ते राहू द्या.

टवाळ

पत्त्यांवर दोघांचं एकमत झालं! धागा लॉक करा कोणीतरी, पुन्हा असं व्हायचं नाही.